आरओ मशीन दीड वर्ष वापरल्यावर: नेरुळला राहत असाल तर आधी टीडीएस मोजा

"मेंब्रेन गेलंय ताई, बत्तीसशे होतील," कंपनीच्या माणसाने मशीनचं झाकणसुद्धा न उघडता सांगितलं आणि तेव्हापासून माझं डोकं तापलंय ते अजून उतरलेलं नाही. आरओ (मेंब्रेन नावाच्या पडद्यातून पाणी ढकलून क्षार काढणारं) प्लस यूव्ही प्लस यूएफ (हे दोन्ही जंतूंसाठी), वर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, कंट्रोलर, आठ लिटरची टाकी, किंमत साडेसोळा हजार, फीचर सगळ्यांना पाठ असतात त्यामुळे ते लिहीत बसत नाही. ब्रँडचं नावही नको, कंपनीशी भांडण चालू आहे आणि तसंही मी जे सांगतेय ते एका कंपनीपुरतं नाही.

आधी डेमोबद्दल, कारण माझ्या मते खरी फसवणूक तिथे होते. दिवाळीच्या आधी सोसायटीच्या गेटवर स्टॉल लागला होता. दोन ग्लास, एकात आपल्या नळाचं पाणी आणि दुसऱ्यात मशीनचं, दोन्हीत धातूच्या दांड्या बुडवल्या आणि करंट सोडला. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी, मग काळपट, वर गाळ तरंगायला लागला आणि मशीनचं पाणी मात्र नितळ. सासूबाई घाबरल्याच, नातवाला इतकी वर्षं हे पाजतोय म्हणून. आता यात होतं काय ते ऐका. त्या दांड्यांमध्ये एक लोखंडाची आणि एक ॲल्युमिनियमची असते, पाण्यात क्षार असले की त्यातून करंट वाहतो आणि लोखंड विरघळायला लागतं, जो गाळ दिसतो तो त्या दांडीचा गंज आहे, पाण्यातली घाण नाही. आरओच्या पाण्यात क्षारच नसतात, करंट वाहत नाही, म्हणून ते तसंच राहतं. तुमच्याकडे असा माणूस आला तर त्याच्या नितळ ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला सांगा, तेही काळं होईल. पाण्यात जंतू आहेत की नाहीत हे त्या दांड्या सांगूच शकत नाहीत.

पहिले काही महिने मात्र मी खूश होते, हे पण प्रामाणिकपणे सांगते. क्लोरीनचा वास गेला, चहा चांगला लागायचा, पाहुणे आले की अभिमानाने सांगायचे. मग सासूबाई म्हणायला लागल्या की पाणी पांचट लागतंय, तहान भागत नाही. वयामुळे चव गेली असेल असं वाटलं मला. पुतण्या इंजिनिअरिंगला आहे, त्याने दोनशे रुपयांचा टीडीएस मीटर आणून दिला तेव्हा उलगडा झाला.

नळाचं पाणी ७२. मशीनचं ८.

भारतीय मानक ब्युरोचं पिण्याच्या पाण्याचं मानक आहे, आयएस १०५००, त्यात टीडीएसची मर्यादा लिटरला ५०० मिलीग्रॅम आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबात ३०० च्या खालचं पाणी चवीला उत्तम धरतात. आणि आपल्याकडे ७२! असणारच, आपलं पाणी मोरबे धरणातून येतं, नवी मुंबई महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं धरण, माथेरानच्या पायथ्याशी, पावसाचं पाणी डोंगरावरून वाहत येऊन धरणात साठतं, जमिनीत मुरून क्षार उचलायला त्याला वेळच मिळत नाही. भोकरपाड्याला शुद्ध होतं आणि क्लोरीन घालून आपल्याकडे येतं. म्हणजे क्षार काढायचं साडेसोळा हजाराचं मशीन मी अशा पाण्याला लावलं होतं ज्यात काढण्याइतके क्षारच नाहीत.

यावर कंपनीचा माणूस म्हणाला टीडीएस कंट्रोलर फिरवून देतो, मग चव येईल. फिरवला, ८ चे ४० झाले. पण कंट्रोलर करतो काय, तर थोडं पाणी मेंब्रेनला वळसा घालून तसंच पुढे पाठवतो आणि आरओच्या पाण्यात मिसळतो. आधी पैसे देऊन क्षार काढायचे आणि मग तेच परत घालायचे. जाहिरातीत याला मिनरल टेक्नॉलॉजी म्हणतात.

आता तो पाइप. सिंकमध्ये सोडलेला पांढरा बारीक पाइप, वेस्ट वॉटरचा, म्हणजे मेंब्रेनने अडवलेले क्षार घेऊन बाहेर पडणाऱ्या पाण्याचा. घरातले म्हणतात मी त्याच्या मागेच लागले आहे, पण मला राहवत नाही. लिटरच्या भांड्यात चांगलं पाणी भरेपर्यंत बादली लावून मोजलं तर बादलीत तीन लिटर. आम्हाला दिवसाला दहा लिटर लागतं म्हणजे तीस लिटर गटारात, महिन्याला नऊशे. आणि उन्हाळ्यात मोरब्याची पातळी खाली गेली की कपात आपल्यालाच सोसायची. मी लादीला वापरते, कुंड्यांना घालते, पण इतकी लादी पुसायची तरी किती वेळा? आणि खरा धक्का पुढेच आहे, त्या वेस्ट पाण्यात मीटर घातला तर ९४ आला. फेकून द्यायच्या पाण्याचा टीडीएस ९४! मर्यादा ५०० ची आहे. राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्येच केंद्राला सांगितलं होतं की जिथे टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओवर बंदी आणा आणि बाकीच्या ठिकाणी निदान साठ टक्के पाणी परत मिळालं पाहिजे असं बघा. आमचं मशीन पंचवीस टक्के देतं. हे स्टॉलवर कोणी सांगितलं नाही, आणि पाणी न मोजता मशीन विकू देतात याचा मला फार राग आहे.

पैशांचं पण सांगते, कारण साडेसोळा हजार हा आकडा खरा नाही. नो कॉस्ट ईएमआय, सहा महिने. रोख दिले असते तर स्टॉलवाला बाराशे कमी करत होता, ईएमआयवर ती सूट नाही. प्रोसेसिंग फी १९९ आणि त्यावर जीएसटी. स्टेटमेंटमध्ये दर महिन्याला व्याज दिसतं, ते आधीच डिस्काउंट म्हणून वळतं केलेलं असतं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच खिशातून जातो. सगळं धरून दीड हजाराच्या वर गेले. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, नाव बदलून चालूच आहे. वर्ष संपल्यावर एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचा करार, ४,८००. एएमसी आणि मशीनची घसारा किंमत धरली तर लिटरला दोन रुपये पडतात, वीज वेगळी.

पावसाळ्यात मत थोडं बदललं, तेही लिहिते. जुलैमध्ये नळाला गढूळ पाणी आलं, बाहेरचा सेडिमेंट फिल्टर चॉकलेटी झाला, तेव्हा वाटलं बरं झालं मशीन आहे. आणि टीडीएस कमी म्हणजे पाणी निर्जंतुक असं अजिबात नाही, जंतू मीटरवर दिसत नाहीत, हा गैरसमज कोणी करून घेऊ नका. पण गढूळपणा अडवतो सेडिमेंट फिल्टर आणि जंतूंसाठी यूव्ही, यूएफ आहेत, त्यासाठी आरओ लागत नाही. आणि आमच्याकडे गाळ आला कुठून? सोसायटीची खालची टाकी किती दिवसांत धुतली नव्हती हे सेक्रेटरींना सांगताच येईना. आता धुतली, बिल मेंटेनन्समध्ये आलं, माझ्या वाट्याला किरकोळ रक्कम, आणि फिल्टर परत तसा झाला नाही.

माझी नणंद घोडबंदर रोडला ओवळ्याला राहते, तिच्याकडे मात्र गोष्ट वेगळी. उन्हाळ्यात टँकर, सोबत बोअरचं पाणी, तिथे मीटर साडेसहाशे दाखवतो, नळांवर पांढरा थर बसतो. तिला मी आरओ काढ असं अजिबात सांगणार नाही.

तर मशीन बंद पडलं. पंप टकटक करायचा, पाणी चढायचं नाही. बत्तीसशेचं ऐकल्यावर मी विचारलं की ७२ टीडीएसच्या पाण्यावर मेंब्रेन इतक्या लवकर कसं चोक होईल, तर उत्तर आलं की ताई लाइट लागलाय ना, बदलायची वेळ झाली. तो लाइट आमच्या मशीनमध्ये टायमरवर लागतो, पाणी बघून नाही. शेवटी शिरवण्याच्या एका मेकॅनिकला बोलावलं. त्याने आधी मल्टीमीटर लावला, ॲडाप्टरमधून २४ व्होल्ट यायला हवेत ते १४ येत होते. ॲडाप्टर ४०० रुपये, मशीन सुरू. कंपनीला हे सांगितलं तर म्हणे ॲडाप्टर एएमसीत येत नाही, व्होल्टेजमुळे गेलाय.

मग त्याने टाकी उघडली. आत बुळबुळीत थर! कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, त्यामुळे साठलेल्या पाण्याला राखण राहत नाही, टाकी वेळेवर धुवावीच लागते. एएमसीवाल्यांनी ती एकदाही उघडली नव्हती, सही घेऊन जायचे.

आणि इथे मला खरंच आनंद झाला ती गोष्ट. मेकॅनिक म्हणाला, ताई, तुमच्या पाण्याला मेंब्रेन नकोच, मी बायपास करून देतो. सेडिमेंट, कार्बन, यूएफ, यूव्ही ठेवलं, मेंब्रेन काढलं, सगळं मिळून ६५० घेतले. टाकी पटापट भरते, पाणी मीटरवर ७० च्या आसपास, आणि सिंकमधला पाइप कापून टाकला. सासूबाई आता पाण्याबद्दल काही बोलत नाहीत. यूव्हीची ट्यूब वर्षाला बदलायची आणि टाकी दर तीन महिन्यांनी धुवायची असं त्याने बजावलंय, ते कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. ज्यांना नवीनच घ्यायचंय आणि पाणी मोरब्याचं आहे त्यांनी सरळ यूव्ही प्लस यूएफ घ्या, बरंच स्वस्त पडतं.

उरलेल्या एएमसीचे पैसे परत मागितले तर मशीनला बाहेरच्याने हात लावला म्हणून देणार नाही म्हणाले. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, तक्रार नोंदवली. तेव्हापासून कंपनीच्या फोनवरचा सूर बदललाय, आधी नाही म्हणत होते, आता ॲडजस्ट करतो म्हणतात, पुढच्या वर्षीच्या एएमसीत. मला पुढच्या वर्षीची एएमसी नको आहे. पैसे खात्यात हवेत असं लेखी कळवलंय आणि टाकीच्या आतला फोटो सोबत जोडलाय.