सफरचंदाच्या क्रम्बलसाठी स्टोनवेअरचे उथळ भांडे

शरद ऋतूत सफरचंदांचा हंगाम भरात आला की ओव्हनमध्ये करायचा सर्वांत बिनकटकटीचा गोड पदार्थ म्हणजे क्रम्बल. खाली फळांच्या फोडी, वर मैदा, लोणी आणि साखर यांचा भरड चुरा, आणि पुढे पाऊण तास वाट पाहणे, एवढेच त्याचे तंत्र आहे. पारी लाटायची नाही आणि अंडी फेटायची नाहीत, म्हणजे बिघडण्यासारखे काही उरत नाही असे वाटते. पण तरीही तो बिघडतो, आणि माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा भांड्याचा निघाला. गेले दोन हंगाम मी या एका पदार्थासाठी स्टोनवेअरचे, म्हणजे खूप उष्णतेत भाजलेल्या घट्ट मातीचे, लंबगोल भांडे वापरले, त्याविषयी हे लिहीत आहे.

भांडे 26 सेंटिमीटर लांब, 18 सेंटिमीटर रुंद आणि 5 सेंटिमीटर खोल असून त्यात साधारण दीड लिटर मावते. आतून गुळगुळीत पांढरी झिलई आहे, बाहेरून तपकिरी. बुडाला मात्र झिलई नसल्यामुळे ते हाताला खरखरीत लागते. दोन्ही टोकांना कान आहेत, पण ते इतके आखूड आहेत की जाड हातमोजे घालून भांडे उचलताना अंगठा हमखास वरच्या चुऱ्यात रुततो. ज्याने हे कान घडवले त्याने तापलेले, भरलेले भांडे स्वतः कधी उचलले नसावे.

खोली कमी असणे हा या भांड्याचा खरा गुण आहे. सफरचंदाच्या वजनात सुमारे 85 टक्के पाणी असते आणि आकारमानाचा जवळजवळ चौथा हिस्सा हवेचा असतो, म्हणून तर ते पाण्यात तरंगते. भाजताना ही हवा निघून फोडी खाली बसतात आणि रस सुटतो. भांडे खोल आणि अरुंद असले तर त्या रसाची वाफ बाहेर पडायला वाव मिळत नाही, आणि वरून सोनेरी दिसणारा चुरा खालून ओल्या पिठासारखा चिकट राहतो. या उथळ भांड्यात रस पसरतो, आटतो आणि पाकासारखा होतो.

दुसरा गुण म्हणजे त्याचा मंदपणा. अॅल्युमिनियमचे भांडे झटकन तापते, त्यामुळे माझ्या जुन्या पत्र्याच्या ट्रेमध्ये काठाजवळच्या फोडी करपू लागायच्या तेव्हा मधल्या अजून कचकचीत असायच्या. शिवाय आंबट फळाचा उघड्या धातूशी संबंध आला की चवीला किंचित कळकटपणा येतो, तो वेगळाच. स्टोनवेअर उष्णता सावकाश घेते आणि सावकाश सोडते. 180 अंश सेल्सिअसवर पहिली वीस मिनिटे काहीच घडत नाही असे वाटून नवखा माणूस तापमान वाढवतो, तसे करू नये. त्यानंतर काठाला रस खदखदू लागतो. आधी बुडबुडे पातळ आणि घाईचे असतात. चाळीस ते पंचेचाळीस मिनिटांनी ते जाड होऊन संथपणे फुटू लागले आणि चुरा बदामी झाला की भांडे बाहेर काढावे. मी घड्याळापेक्षा या बुडबुड्यांवर अधिक विसंबतो.

या मापाला साधारण 800 ग्रॅम सफरचंदे, 150 ग्रॅम मैदा, 75 ग्रॅम थंड लोणी आणि 75 ग्रॅम साखर नेमकी बसते, आणि फळ फार आंबट असेल तर फोडींवर आणखी दोन चमचे साखर भुरभुरावी. सफरचंद घट्ट आणि आंबट हवे. 1868 च्या सुमारास ऑस्ट्रेलियात रुजलेले हिरवे ग्रॅनी स्मिथ यासाठी प्रसिद्ध आहे, कारण त्याच्या फोडी शिजूनही आकार धरून राहतात. मऊ जातीचा पार लगदा होतो, पण एक-दोन मऊ फळे मिसळली तर रसाला दाटपणा येतो, हे मला आवडते. फोडींना लिंबाचा रस चोळला की त्या काळ्या पडत नाहीत. लोणी मैद्यात मोहन चोळल्यासारखे बोटांच्या टोकांनी मिसळावे, तळव्याची ऊब त्याला लागू देऊ नये, आणि लहान-मोठी ढेकळे तशीच ठेवून चुरा न दाबता वरून पसरावा.

बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटे थांबणे आवश्यक आहे, कारण फळातले पेक्टिन हे दाटपणा देणारे द्रव्य थंड होताना रस धरते. भांडे अर्धा तास सहज गरम राहते, म्हणून थांबल्याने काही बिघडत नाही. हाच मंदपणा ‘पाय’साठी, म्हणजे पारीत सारण भरून भाजायच्या पदार्थासाठी, मात्र गैरसोयीचा ठरतो. खाली पारी असलेला पाय मी यात एकदा केला, तर वरची पारी खरपूस झाली तरी बुडाची पांढरी आणि कच्ची राहिली. काठावर जळून चिकटलेला पाक कोमट पाण्यात तासभर भिजवल्यावर सुटतो, तारेच्या घासणीची गरज पडत नाही.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी मी ओव्हनमधून काढलेले भांडे नकळत ओट्याच्या ओल्या भागावर ठेवले. टच्च असा आवाज झाला आणि बुडाला केसासारखा तडा गेला. तापमानातला अचानक बदल टाळावा, असे सोबतच्या माहितीपत्रकात छापलेले होते, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हते. तडा गेलेले भांडे ओव्हनमध्ये फुटू शकते, म्हणून आता त्यात कच्ची सफरचंदे ठेवतो. नवे घेतले ते त्याच खोलीचे आणि त्याच मापाचे, फक्त कान दोन बोटे अधिक रुंद पाहून.