रोड बाईकला पेडल कुठलं? गोव्याच्या रस्त्यांवर फ्लॅट, एसपीडी आणि थ्री-बोल्ट

चांगली रोड बाईक बऱ्याचदा पेडलांशिवायच हातात येते, नाहीतर दुकानदार प्लास्टिकची साधी पेडलं लावून देतो. पुढचा निर्णय आपला असतो. त्यासाठी वजन आणि किमतीच्या आधी एक गोष्ट पाहा: तुमच्या नेहमीच्या राईडमध्ये पाय किती वेळा जमिनीला टेकतो?

डिचोलीहून चोडणमार्गे पणजीला जाणारा सायकलवाला फेरीबोटीच्या रांगेत उतरतो, लोखंडी रॅम्पवरून सायकल ढकलत चढतो, रायबंदरला पुन्हा तसाच उतरतो. त्यात गावागावातले गतिरोधक, वळणावर आडवी बसलेली गुरं, रस्ता चुकून अचानक ब्रेक मारणारी भाड्याची गाडी. केरीहून चोर्ला घाट चढणाऱ्याचं मात्र वेगळं. एकदा चढ लागला की बराच वेळ पाय पेडलावरून काढावाच लागत नाही. दोघांना एकच पेडल योग्य ठरणार नाही.

फ्लॅट म्हणजे बूट न अडकवता नुसता पाय ठेवायची सपाट पेडलं. त्यांना उगाच कमी लेखलं जातं. क्लीट (बुटाच्या तळव्याला बसवायचा, पेडलात अडकणारा तुकडा) लावली की पाय वर ओढता येतो आणि त्यामुळे ताकद वाढते, असं सर्रास सांगतात. प्रत्यक्षात एका लयीत चालवताना जवळजवळ सगळा जोर खाली दाबण्यातूनच येतो, आणि मुरलेले सायकलपटूसुद्धा पाय फारसा वर ओढत नाहीत. क्लीटचा खरा फायदा हा की पाय जागेवरून हलत नाही. भराभर पेडल मारताना, उभं राहून जोर लावताना, पावसात ओल्या पेडलावर तो जाणवतो. म्हणून नुकतीच सुरुवात करत असाल, किंवा ऑफिसला जायला सायकल वापरत असाल, तर धातूच्या पिना असलेली रुंद फ्लॅट पेडलं घ्या आणि खाली सपाट, कडक तळव्याचे बूट घाला. पळण्याच्या मऊ बुटांत थोडा जोर तळवाच गिळतो. या पिना नडगीला लागल्या तर चांगलंच सोलतात, एवढं ध्यानात ठेवा.

थ्री-बोल्ट म्हणजे रेसिंगवाल्यांची पेडलं; यांची क्लीट बुटाला तीन बोल्टनी बसते. स्कीला बूट अडकवणाऱ्या बाइंडिंग बनवणाऱ्या लूक कंपनीने १९८४ मध्ये ही कल्पना सायकलवर आणली आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो यांनी लूकच्या पेडलांवर टूर द फ्रान्स जिंकली. मोठी क्लीट, रुंद आधार, हलकं वजन. चवड्याखाली जोर पसरतो, त्यामुळे लांबच्या राईडला पाय कमी दुखतो. मिरामारला २०१९ मध्ये सुरू झालेल्या आयर्नमॅन ७०.३ सारख्या पोहणं-सायकल-धावणं अशा शर्यतीत ९० किलोमीटर सायकल आहे. तशा तयारीसाठी मी बिनदिक्कत हीच सुचवेन.

पण ती घेतलीत तर क्लीटच्या रंगाकडे नीट बघा. शिमानोची पिवळी क्लीट टाच ६ अंश हलू देते, निळी २ अंश, आणि लाल अजिबात नाही. लूकच्या किओ पेडलांच्या क्लीटमध्ये लाल ९ अंश, करडी ४.५ आणि काळी शून्य. म्हणजे एका कंपनीची लाल सगळ्यात घट्ट, तर दुसरीची लाल सगळ्यात सैल. नुसता रंग पाहून मागवलं तर गुडघ्याला त्रास होऊ शकतो. नवख्याने पिवळी किंवा करडी घ्यावी. शिवाय या दोन कंपन्यांच्या क्लीट एकमेकींच्या पेडलांत बसत नाहीत.

चालण्याच्या बाबतीत मात्र थ्री-बोल्ट अडचणीची. क्लीट तळव्याच्या बाहेर येते, प्लास्टिकची असते, चालून चालून झिजते. फेरीबोटीचा ओला रॅम्प त्या बुटांनी चढायचा म्हणजे जीव मुठीत धरून. खिशात रबरी कव्हर ठेवा आणि उतरल्यावर लगेच चढवा. पावसाळ्यात साखळी-वाळपई भागातली जांभ्याची तांबडी माती क्लीटवर चिकटली की पाय आत बसतच नाही.

गोव्यात राहणाऱ्या बहुतेकांना मी एसपीडी सांगेन, आणि ठामपणे सांगेन. शिमानोची ही दोन बोल्टची पद्धत १९९० मध्ये माउंटन बाइकसाठी आली. क्लीट छोटी, धातूची, बुटाच्या तळव्यात खोल बसलेली, त्यामुळे चहाच्या गाड्यापर्यंत नीट चालत जाता येतं. पेडल दोन्ही बाजूंनी पाय घेतं आणि चिखल बराचसा बाहेर टाकतं. वजन जास्त आहे: एसपीडीच्या एम५२० मॉडेलची जोडी ३८० ग्रॅम, तर शिमानोच्या १०५ श्रेणीतल्या थ्री-बोल्ट आर७००० ची २६५. एवढ्या फरकाने हौशी सायकलवाल्याचं काही अडत नाही. आधार छोटा असल्याने बूट मात्र कडक तळव्याचेच हवेत. पैसे वाचवायचे तर पेडलांत वाचवा, बुटांत नको. पाय अडकून पडण्याची भीती वाटत असेल तर एसएच५१ ऐवजी एसएच५६ क्लीट लावा. तिच्यातून पाय एकापेक्षा जास्त दिशांनी सुटतो. क्लीट धरून ठेवणारी पेडलाची स्प्रिंगही सुरुवातीला अगदी सैल ठेवा.

एका बाजूला फ्लॅट, दुसरीकडे एसपीडी अशीही पेडलं मिळतात. बाजारात चपलेवर जायचं असेल तर सोयीची, पण सिग्नलवरून निघताना कुठली बाजू वर आहे हे खाली वाकून बघावं लागतं. गर्दीत मला ते पटत नाही.

पेडलं घरीच बसवणार असाल तर डाव्या पेडलाचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेने आवळायचं. आट्यांना आधी ग्रीस लावा. खाऱ्या हवेत कोरडं बसवलेलं पेडल असं धरतं, की पुढे काढताना पाना चालत नाही.