केनची फिगर: मुखवटा झकास, कोपर ढिलं

मी दातांचा डॉक्टर. क्लिनिकच्या काउंटरवर केन या अमेरिकन पैलवानाची खेळण्यातली फिगर का, असं पेशंट विचारतात. कारण हा बाबा आधी आमच्याच धंद्यात होता! 1995 मध्ये ग्लेन जेकब्सला (केनचं खरं नाव) डब्ल्यूडब्ल्यूएफ या कुस्ती कंपनीने आयझॅक यँकेम नावाचा दंतवैद्य बनवून पैलवान ब्रेट हार्टच्या अंगावर सोडला. नाव भराभर म्हणा, ‘आय यँक देम’ ऐकू येतं. म्हणजे ‘मी उपटतो’. पात्र आपटलं. मग त्याला डीझल नावाच्या दुसऱ्या पैलवानाची नक्कल करायला लावली, तीही आपटली. सात फुटी माणूस, अंगात दम, आणि वाट्याला हे! तरी गडी टिकून राहिला. ऑक्टोबर 1997 मध्ये केन बनून लाल-काळ्या पोशाखात आला, कुस्तीच्या पिंजऱ्याचं दारच उपटलं आणि आतल्या अंडरटेकर या पैलवानाला आडवा केला. (उपटायची सवय दंतवैद्याचीच.)

फिगर त्याच रूपातली. एका हाताला बाही, दुसरा उघडा, हे बरोबर पकडलंय. मुखवट्याच्या भोकांतून डोळ्यांची पांढरी बुबुळं दिसतात, रंग कुठे सांडलेला नाही. पण उजवं कोपर पहिल्याच आठवड्यात ढिलं झालं. चोकस्लॅमसाठी (गळा धरून आपटायचा डाव) हात वर केला की हळूहळू खाली येतो, जणू रिक्षाला हात करतोय. विक्रेत्याला फोटो पाठवले, उत्तर नाही. शेवटी दात भरायचं कंपोझिट सांध्यात घातलं, निळा लाइट मारला. आता पक्कं आहे, फक्त वळत नाही.

2,400 रुपये जास्तच. पाचपैकी साडेतीन.