लीग मोठी करावी की मुलांच्या प्रशिक्षणात पैसा घालावा?

क्रीडा संघटनेच्या हाती प्रक्षेपण हक्कांची रक्कम आली की हा वाद ठरलेला. निर्णय घेणाऱ्यांनी फुटबॉलमधले दोन देश शेजारी ठेवून पाहावेत: जर्मनी आणि इंग्लंड.

२०००च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत जर्मनी एकाच गुणासह गटात तळाला राहिला. त्यानंतर बुंडेसलिगा या तिथल्या अव्वल लीगच्या परवान्यासाठी क्लबांना युवा अकादमी सक्तीची झाली. शिवाय राष्ट्रीय संघटनेने देशभर साडेतीनशेहून जास्त केंद्रं उघडली, म्हणजे मोठ्या क्लबांपासून लांब राहणारी मुलंही नजरेत यावीत. लीगचे प्रक्षेपण हक्क विकत घेतलेली किर्श कंपनी २००२मध्ये दिवाळखोरीत गेली. महागडे खेळाडू परवडेनात, तेव्हा क्लबांनी आपलीच पोरं मैदानात उतरवली. माझ्या मते ही तंगी योजनेइतकीच कामाला आली, कारण वरच्या संघात जागाच नसेल तर अकादमीतून निघालेल्या मुलाने जायचं कुठे? २०१४च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा विजयी गोल केला तो डॉर्टमुंड क्लबच्या युवा संघांतून आलेल्या २२ वर्षांच्या मारियो गोट्झेने.

इंग्लंडचा क्रम उलटा. १९९२मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, पैशांचा पूर आला, तरी २००८च्या युरोसाठी देश पात्रसुद्धा ठरला नाही. २०१२पासून अकादम्यांची चार श्रेणींत वर्गवारी झाली, प्रशिक्षणाचे तास वाढले. २०१७मध्ये १७ आणि २० वर्षांखालील दोन्ही विश्वचषक इंग्लंडने जिंकले; वरिष्ठ संघ पुढे लागोपाठ दोन युरोंच्या अंतिम फेरीत पोहोचला, दोन्ही हरला. पैसा वीस वर्षं होताच, नियम झाल्यावर तो मुलांपर्यंत झिरपला. मात्र याच नियमांमुळे लहान क्लबांनी घडवलेली मुलं मोठे क्लब ठरावीक भरपाई देऊन उचलू लागले. लहान क्लबांची ही तक्रार मला पूर्ण रास्त वाटते.

नुसत्या पैशाचं काय होतं ते चीनमध्ये दिसलं. जिआंगसू क्लबने २०२०चं लीग विजेतेपद मिळवलं आणि काही महिन्यांतच गाशा गुंडाळला. चीनचा पुरुष संघ विश्वचषकात आजवर एकदाच, २००२मध्ये खेळला आहे.

मुलांची निवड किती लवकर करायची, हा प्रश्न वेगळा आणि माझ्या लेखी जास्त नाजूक. नॉर्वेत ११व्या वर्षापर्यंत निकालांचे तक्ते लावत नाहीत, १३च्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. तरी २०२२च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये या छोट्या देशाने १६ सुवर्णपदकांसह पहिला क्रमांक पटकावला. लवकर चाळणी लावल्याशिवाय विजेते घडत नाहीत, असं सांगणाऱ्यांना हे दाखवावं.

पैसा कमी असेल तर आधी प्रशिक्षक घडवा. जेमतेम साडेतीन लाख वस्तीच्या आइसलँडने तेच केलं आणि २०१६च्या युरोत इंग्लंडलाच हरवलं. लीग आधीच उभी असेल, तर युवा प्रशिक्षणाचा वाटा हक्कांच्या करारातच लिहून घ्या. तो न लिहिता एकदा सह्या झाल्या की क्लब तो वाटा सोडायला तयार होत नाहीत.