सिंगापूरचं वारसा हॉटेल: रॅफल्स, फुलर्टन की गुडवुड पार्क?

सिंगापूरमध्ये 'हेरिटेज' म्हणवणारी हॉटेलं पुष्कळ आहेत. पण आजी-आजोबा, आई-बाबा आणि मुलं असं सगळं लटांबर घेऊन जाणाऱ्याने विचार करावा अशी माझ्या मते तीनच: रॅफल्स, फुलर्टन आणि गुडवुड पार्क. तिन्ही इमारती जुन्या, तिन्हींना इतिहास आहे, आणि तिन्ही ठिकाणी राहण्याचा अनुभव एकमेकांपासून पार वेगळा आहे. त्यामुळे 'सगळ्यात भारी कुठलं' हा प्रश्न बाजूला ठेवा. दिवसातले किती तास घरची मंडळी त्या इमारतीत जागी असणार, हे आधी ठरवा. सकाळी नऊला सेंटोसा बेट आणि रात्री अकराला नाइट सफारीहून परत, असा कार्यक्रम असेल तर दीडशे वर्षांच्या परंपरेत तुम्ही फक्त घोरणार आहात, आणि घोरण्याचे एवढे पैसे कशाला मोजायचे?

रॅफल्स

बीच रोडवरचं रॅफल्स 1 डिसेंबर 1887 रोजी एका बंगल्यात, दहा खोल्यांनिशी सुरू झालं. सुरू करणारे सार्कीज बंधू हे इराणातल्या इस्फहानकडचे आर्मेनियन. फोटोंत दिसणारी पांढरीशुभ्र मुख्य इमारत नंतरची, 1899 ची. रस्त्याचं नाव बीच रोड असलं तरी बीच शोधत बसू नका. तेव्हा समुद्र खरंच समोर होता, पुढे भराव घालघालून तो लांब ढकलला गेला. मुंबईकराला याचं नवल वाटायचं कारण नाही. 1987 मध्ये, शंभरी भरली त्या वर्षी, इमारत राष्ट्रीय स्मारक झाली. शेवटची मोठी दुरुस्ती 2017 ते 2019 अशी चालली आणि आता इथे 115 स्वीट आहेत. साधी खोली हा प्रकारच नाही.

ते 'स्वीट' म्हणजे नेमकं काय, हे कुटुंबाच्या दृष्टीने नीट पाहण्यासारखं आहे. दाराबाहेर व्हरांडा आणि त्यात बसायला खुर्च्या. दार उघडलं की छोटा दिवाणखाना, त्यामागे झोपायची खोली आणि सगळ्यात आत न्हाणीघर. सागवानी जमीन, उंच छत, वर संथ फिरणारा पंखा. एसी येण्याआधी उकाड्यात हवा खेळती राहावी म्हणून केलेली ही रचना आज वेगळ्याच कारणाने कामाला येते: मुलं साडेआठला झोपली की मोठ्यांना अंधारात मोबाइलच्या उजेडावर बसावं लागत नाही. बाहेर व्हरांड्यात बसून गप्पा मारता येतात, आणि आजोबांना पहाटे पाचला जाग आली तरी कोणाची झोप न मोडता पेपर घेऊन बसायला जागा असते. परदेशातल्या हॉटेलात ही चैन सहसा मिळत नाही.

मुलांना रॅफल्समध्ये काय? दोन गोष्टी. एक, 1902 ची वाघाची गोष्ट: जवळच्या एका खेळातून सुटलेला वाघ इथल्या बिलियर्ड रूमच्या खाली, उंच जोत्याच्या पोकळीत जाऊन बसला आणि तिथेच त्याला गोळी घातली. दुसरी, लाँग बारमध्ये शेंगदाण्याची टरफलं खुशाल जमिनीवर टाकायची पद्धत आहे. ज्या शहरात कचरा टाकला की दंड होतो तिथे हे! सिंगापूर स्लिंग हे प्रसिद्ध पेय याच बारमधल्या न्यिआम टाँग बून यांनी साधारण 1915 च्या सुमारास बनवलं असं सांगतात. एका ग्लासाला 40 सिंगापूर डॉलरच्या घरात मोजावे लागतात. तुम्ही सुजाण आहात, एक मागवून चौघांनी चव घ्या.

पण हे नीट लक्षात घ्या की लाँग बार, टिफिन रूममधलं उत्तर भारतीय जेवण, खालची दुकानं, बाहेरचं अंगण यांतलं काहीही पाहायला तिथे राहावं लागत नाही. राहणाऱ्यांसाठी राखीव आहे ते मुख्यतः आतले व्हरांडे, बगिचे, गच्चीवरचा तलाव आणि प्रत्येक स्वीटला मिळणारी बटलरची सेवा. म्हणजे पैसे मोजायचे ते या निवांतपणाचे. तो तुमच्या सहलीत बसत असेल तर रॅफल्सला तोड नाही. बसत नसेल तर दुपारच्या जेवणाला जा, फोटो काढा, दारातल्या पगडीधारी शीख द्वारपालाला सलाम करा आणि परत या.

फुलर्टन

फुलर्टन मुळात हॉटेल नव्हतंच. 1928 मध्ये उभी राहिलेली ही भव्य दगडी खांबांची इमारत सिंगापूरचं मुख्य टपाल कार्यालय होती. शहरातली अंतरं इथून मोजली जात. टपालाच्या थैल्या तळघरातल्या भुयारातून रस्त्याखालून थेट धक्क्यावर, बोटींकडे जात. टपाल खातं इथे 1996 पर्यंत होतं, आणि 2001 मध्ये 400 खोल्यांचं हॉटेल सुरू झालं. आपल्याकडच्या सीएसएमटीजवळच्या जीपीओत उद्या कोणी हॉटेल काढलं तर कसं वाटेल, तसलाच हा प्रकार आहे.

जागा मात्र अशी की मुलं असलेल्यांनी दुसरीकडे बघू नये. समोरच्या रस्त्याखालून गेलं की मरलायन, म्हणजे सिंहाचं तोंड आणि माशाचं धड असलेला तो प्रसिद्ध पुतळा. शेजारी 1869 चा कॅव्हेनाघ पूल, आणि त्यावर अजून ती पाटी आहे की ठरावीक वजनावरची वाहनं, गुरं आणि घोडे यांना पुलावरून मनाई. मुलांना ती पाटी वाचून दाखवा, मरलायनपेक्षा जास्त लक्षात राहील. पूल ओलांडला की आशियाई संस्कृतींचं संग्रहालय. संध्याकाळी जेवून चालत खाडीच्या काठाला यायचं, पलीकडच्या काठावरचा प्रकाशाचा खेळ बघायचा आणि दहा मिनिटांत पोरं पलंगावर. टॅक्सी नाही, एमआरटी म्हणजे तिथली मेट्रो नाही, खांद्यावर झोपलेलं मूल वाहून आणणं नाही. दुपारी उन्हात भाजून निघाल्यावर नदीकडे तोंड असलेल्या तलावात डुंबायची सोयही आहे.

खोली घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. सगळ्यात स्वस्त प्रकारच्या खोल्यांच्या खिडक्या बाहेर नाही, इमारतीच्या आतल्या छतबंद अंगणात उघडतात. संकेतस्थळावर त्याला छान नाव असतं. प्रत्यक्षात पडदा सारला की समोर दुसऱ्याची खिडकी. नदी किंवा खाडीकडची खोली परवडत नसेल तर फुलर्टनचा अर्धा आनंद गेला असं समजा. आणि 'फुलर्टन बे' हे त्याच समूहाचं पण वेगळं, नवं हॉटेल आहे. बुकिंग करताना नावाची गल्लत करू नका.

गुडवुड पार्क

स्कॉट्स रोडवरच्या या हॉटेलाचा मनोरा रॅफल्सची 1899 ची इमारत ज्याने आखली त्याच बिडवेल या वास्तुविशारदाचा. 1900 मध्ये तो सिंगापूरच्या जर्मन लोकांचा ट्यूटोनिया क्लब म्हणून उघडला. पहिल्या महायुद्धात शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त झाला, विकला गेला, आणि 1929 मध्ये हॉटेल झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर युद्धगुन्ह्यांचे खटलेही याच आवारात चालले. इतिहास रॅफल्सपेक्षा कमी नाही, जाहिरात कमी आहे.

पण बहुतेक खोल्या त्या मनोऱ्यात नाहीत, नंतरच्या भागांत आहेत. ज्यांनी कुलाब्याचं ताज पाहिलंय त्यांना फरक लगेच कळेल: जुन्या इमारतीतली खोली वेगळी आणि शेजारच्या टॉवरमधली वेगळी. इथेही कुठल्या भागातली खोली मिळणार ते आधी विचारा. त्या मोबदल्यात दोन तलाव, ऐसपैस आवार, ऑर्चर्ड रोड चालत, आणि खाली हॉटेलचेच ड्युरियन या उग्र वासाच्या फळाचे प्रसिद्ध पेस्ट्री-केक. फणसाच्या वासाला नाक मुरडणाऱ्यांनी लांबूनच नमस्कार करावा.

पैशाचं गणित

भाव हंगामाप्रमाणे हलतात, पण ढोबळ अंदाज असा: रॅफल्स बहुतेक वेळा रात्रीला 1,000 सिंगापूर डॉलरच्या वर, फुलर्टन त्याच्या निम्म्याच्या आसपास, गुडवुड पार्क साधारण तृतीयांश. आकड्यापुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर तो अंतिम आकडा नाही. त्यावर 10 टक्के सेवा शुल्क, आणि त्या बेरजेवर 9 टक्के जीएसटी. म्हणजे 1,000 चे 1,100 आणि 1,100 चे 1,199. डॉलरला 70 रुपये धरले तर एका रात्रीचे जवळपास 84 हजार.

इथे एक गंमत आहे. फुलर्टनच्या खोलीत दोन मोठे आणि दहा-बारा वर्षांची दोन मुलं मावत नाहीत, दोन खोल्या घ्याव्या लागतात. मग फुलर्टनच्या दोन खोल्या आणि रॅफल्सचा एक स्वीट यांची किंमत जवळ जवळ येते. दिवाणखान्यात जादा पलंग टाकून चौघं रॅफल्समध्ये मावत असतील तर 'महाग' कुठलं हे पुन्हा मोजावं लागतं. आजी-आजोबाही असतील तर मात्र रॅफल्सचे दोन स्वीट होतात आणि विषय संपतो. तिथे गुडवुड पार्कच्या शेजारशेजारच्या दोन-तीन खोल्या घ्या, उरलेल्या पैशात सगळ्यांना रॅफल्सला एकदा टिफिन रूममध्ये जेवायला न्या. आजीलाही ते जास्त आवडेल.

जेवणाखाण्याचं

नाश्त्याला तिन्हीकडे शाकाहाऱ्याची उपासमार होत नाही, पण सहा दिवस बुफे खाऊन वरणभाताची आठवण येतेच. तेव्हा लिटल इंडिया गाठायचं. सेरंगून रोडच्या परिसरात आनंद भवन, कोमला विलास ही जुनी शाकाहारी ठिकाणं आहेत. रॅफल्सहून बुगिस स्थानकापर्यंत चालत गेलं की डाउनटाउन लाइनवर दुसरंच स्थानक लिटल इंडिया. गुडवुड पार्कहून ऑर्चर्डला गाडी पकडायची, न्यूटनला बदलायची, की पुढचं स्थानक तेच. फुलर्टनवाल्यांनी रॅफल्स प्लेसहून धोबी घाटला उतरून गाडी बदलायची. हो, नाव धोबी घाटच आहे, तिथे एके काळी भारतीय धोबी कपडे धूत.

तारखा आणि रात्री

मुंबईहून रात्री सुटणारी विमानं सकाळी सिंगापूरला उतरतात आणि खोली मिळते दुपारी तीनच्या सुमारास. त्यामुळे महागडं हॉटेल पहिल्या रात्रीसाठी घेऊ नका. अर्धा दिवस लॉबीत पेंगण्यात जातो. आधी तीन-चार रात्री साध्या हॉटेलात राहा, प्राणिसंग्रहालय, सेंटोसा सगळं उरकून घ्या, आणि शेवटच्या दोन रात्री रॅफल्स किंवा फुलर्टन. तेव्हा मुलंही दमलेली असतात आणि कुठे जायची घाई नसते.

दसरा-दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर आधी फॉर्म्युला वनच्या तारखा बघा. सिंगापूरची शर्यत सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास असते आणि तिचा मार्ग फुलर्टनच्या दारातून जातो. त्या आठवड्यात खाडीभोवतीचे भाव आभाळाला भिडतात, रस्ते बंद असतात आणि रात्री गाड्यांचा आवाज. तुमच्या तारखा त्यात सापडल्या तर फुलर्टन सरळ यादीतून काढा. गुडवुड पार्क शर्यतीपासून लांब आहे. आणि बुकिंगच्या आधी हॉटेलला एक ई-मेल करून तीन गोष्टी लेखी मागून घ्या: जादा पलंगाचा आकार, मुलांच्या नाश्त्याचे पैसे, आणि खोलीची खिडकी नक्की कुठे उघडते.