वायफाय ओबीडी स्कॅनर: कोड नीट वाचतो, पण फोनला आधी समजवावं लागतं

चेक इंजिनचा दिवा का लागला, याचा गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचायला ईएलएम३२७ जातीचा (म्हणजे त्या नावाच्या चिपवर किंवा तिच्या नकलेवर चालणारा) छोटा वायफाय स्कॅनर पुरेसा आहे. गाडीतल्या ओबीडी-२ सॉकेटमध्ये, म्हणजे तपासणीसाठी दिलेल्या जोडणीत, खोचला की काम सुरू. तरीही ‘कनेक्टच होत नाही’ म्हणून तो परत करणारे बरेच, आणि बहुतेक वेळा यंत्र बिघडलेलं नसतं. इथे जोडण्या दोन आहेत: फोन ते स्कॅनर आणि स्कॅनर ते गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक. नेमकी कुठली अडली, ते आधी ओळखा.

जास्त त्रास पहिलीचा. स्कॅनर स्वतःच हॉटस्पॉट होतो, पण त्याच्यामागे इंटरनेट नसतं. अँड्रॉइड विचारतो, ‘इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं?’ ही सूचना नजरेतून सुटली की वर वायफायची खूण दिसत राहते, पण अ‍ॅपची विनंती मोबाइल डेटावरून भलतीकडेच जाते. म्हणून मोबाइल डेटा, व्हीपीएन आणि चांगल्या नेटवर्कवर आपोआप उडी मारण्याची सोय, तिन्ही बंद करा. आयफोनवर आयओएस १४ पासून ‘लोकल नेटवर्क’ची वेगळी परवानगी लागते. पहिल्यांदा चुकून नकार दिला असेल, तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन ती हातानेच चालू करावी लागते.

मग अ‍ॅपमध्ये जोडणीचा प्रकार वायफाय निवडा. बहुतेक स्कॅनरचा आयपी १९२.१६८.०.१० आणि पोर्ट ३५००० असतो. फोन ‘आयपी मिळवत आहे’वरच अडला, तर स्टॅटिक आयपी द्या: १९२.१६८.०.११, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे १९२.१६८.०.१०. गाडीत दुसरा फोन आधीच जोडलेला नाही ना, तेही बघा. हे स्कॅनर सहसा एकाच अ‍ॅपशी बोलतात.

अ‍ॅपमध्ये ‘ईएलएम३२७’ असं उत्तर दिसलं, की वायफायचा प्रश्न मिटला. त्यानंतर ‘अनेबल टू कनेक्ट’ आलं तर अडचण गाडीच्या बाजूला आहे. सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेला थेट बॅटरीचा करंट असतो, त्यामुळे किल्ली बंद असतानाही स्कॅनरचा दिवा आणि हॉटस्पॉट चालू राहतात. इथेच फसायला होतं. इग्निशन ऑन करा आणि अ‍ॅपमध्ये प्रोटोकॉल (गाडीशी बोलण्याची पद्धत) ऑटोवर ठेवा. तरीही जमलं नाही, तर नव्या गाड्यांसाठी त्याच यादीतला ‘कॅन ११ बिट, ५०० केबीपीएस’ हा प्रोटोकॉल निवडून पाहा.

दोन गोष्टी खटकतात. बऱ्याच स्कॅनरच्या हॉटस्पॉटला पासवर्डच नसतो, म्हणजे शेजारच्या कोणालाही जोडता येतं. आणि कित्येक दिवस खोचून ठेवला तर गाडीची बॅटरी उतरू शकते; काम झालं की काढून ठेवा. पाकिटावरच्या व्हर्जनच्या आकड्यावर तर अजिबात विसंबू नका. मूळ चिप बनवणाऱ्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सने १.५ कधी काढलीच नव्हती, आणि २.१ लिहिलेल्या बऱ्याच नकलांमध्ये काही कमांड गायब असतात.

अँड्रॉइड असेल तर वायफायच्या नादी न लागता ब्लूटूथवाला घ्या. एकदा पेअर केला की इंटरनेट मोकळं राहतं आणि नकाशाही चालतो. आयफोनला साधा ब्लूटूथ स्कॅनर चालत नाही, तिथे ब्लूटूथ एलई (कमी वीज खाणारा ब्लूटूथचा प्रकार) नाहीतर हा वायफायवाला, हेच मुख्य पर्याय आहेत. त्यातही एलई मिळत असेल तर तोच बरा.