स्टेरॉइडचा पंप: अकरा महिने वापरल्यानंतर

दमा मला लहानपणापासून, आईकडून आलेला. चाळिशीपर्यंत पर्समधल्या निळ्या पंपावर म्हणजे साल्ब्युटामॉलवर दिवस काढले. धाप लागली की दोन फवारे मारायचे, थोड्या वेळात मोकळं वाटायचं. गेल्या दिवाळीत फटाक्यांच्या धुराने एका रात्रीत तो सहा वेळा घ्यावा लागला, तेव्हा डॉक्टर चिडलेच. निळ्याने श्वासनलिका तेवढ्यापुरती उघडते, आतली सूज तशीच राहते. नुसत्या निळ्यावर राहू नका, असं 2019 पासून आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही सांगतात म्हणे. मग सूज कमी करणारा स्टेरॉइडचा पंप, ब्युडेसोनाइड, सुरू झाला, 200 मायक्रोग्रॅम, सकाळ-संध्याकाळ.

घरात स्टेरॉइड शब्द ऐकूनच गहजब. सासूबाई म्हणाल्या, "अगं, एकदा पंप लागला की सुटत नाही बघ." खरं सांगते, मीही घाबरले होते.

पहिला दीड महिना काहीच फरक नाही. रात्री तीनला छातीत शिट्टी वाजायची, उठून खिडकीपाशी बसायचं, सगळं तसंच. एकदा बेसिनवरच्या आरशासमोर पंप घेतला आणि ओठांच्या कडेने पांढरा धूर बाहेर येताना दिसला. औषध छातीत जातच नव्हतं! दाबणं आणि ओढणं यांचा मेळ बसत नव्हता. डॉक्टरांनी स्पेसर दिला, म्हणजे पंपाला जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी. आता पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसर तोंडात घट्ट धरून एकदा दाबायचं, सावकाश ओढायचं आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखायचा. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून तसाच वाळवायचा, फडक्याने पुसायचा नाही. पुसला की आत औषध चिकटतं. तीन आठवड्यांत रात्रभर झोप लागली. पीक फ्लो मीटरवर, म्हणजे फुंकर किती जोरात मारता येते ते मोजणाऱ्या नळीवर, 260 च्या पुढे काटा जात नव्हता, तो 370 वर गेला.

त्रासही झाला. मी शाळेत शिकवते, आणि जानेवारीत आवाज बसला, जिभेवर पांढरा थर आला. पंपाचं औषध तोंडात राहून झालेली बुरशी होती. नुसती चूळ भरून भागत नाही, घशापर्यंत गुळण्या करून पाणी थुंकायचं. तेव्हापासून दात घासण्याआधीच पंप घेते, म्हणजे गुळणी चुकत नाही.

सगळ्यात मोठी चूक मेमधली. अगदी बरं वाटत होतं म्हणून कुणाला न विचारता पंप बंद केला. जूनच्या पहिल्या पावसात, भिंतींना ओल आल्यावर, असा दम लागला की वाक्य पुरं बोलता येईना. नेब्युलायझर (औषधाची वाफ देणारं यंत्र) आणि पाच दिवस प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या, रोज 40 मिलिग्रॅम. घरी वहीत हिशोब मांडला. गोळ्यांचे 200 मिलिग्रॅम, तर पंपाचे दिवसाला 0.4. म्हणजे पाच दिवसांत वजनाने 500 दिवसांच्या पंपाइतकं औषध पोटात गेलं. औषधं वेगळी, म्हणून तुलना काटेकोर नाही, पण सासूबाईंना वही दाखवली तेव्हा त्या गप्प झाल्या. आता संध्याकाळी त्याच हाक मारतात, "पंप घेतलास का गं?"

डोस कमी करायचा का, ते डॉक्टर पुढच्या तपासणीला बघणार आहेत. निळा पंप पर्समध्ये आहेच, तो सोडायचा नाही. पूर्वी दोन महिन्यांत संपायचा. जुलैत आणलेल्या पंपाच्या पाठीवर आज 188 आकडा आहे, म्हणजे 200 पैकी तेवढे फवारे अजून शिल्लक.